सासष्टीतल्या ब्राह्मणाचा प्रश्न

थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अध्यायात एक प्रसंग येतो. गोव्यातल्या सासष्टीतले एक ख्रिस्ती देऊळ, रविवारची संध्याकाळ, मुलांना ‘दोत्रिन’ शिकवणे चालू आहे. दोत्रिन म्हणजे ख्रिस्ती धर्माची पाठ करून घेतली जाणारी प्रश्नोत्तरे. जमलेल्यांतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री गुरूंना विचारतो की, तुम्ही आमची पूर्वीची पुराणे ऐकायला मनाई केलीत, ते ठीक. मग त्यांच्या जागी आमच्यासाठी नवे पुराण का करत नाही? ही प्रश्नोत्तरे चांगलीच आहेत, पण तेवढ्यावर मन कसे रमावे? गुरूला प्रश्न पटतो आणि कथा सुरू होते. ती सुमारे ११ हजार ओव्या चालते.

या ब्राह्मणाचे नाव ग्रंथात नाही. तो कवीने उभा केलेला श्रोता असेल. आपल्या जुन्या ग्रंथांत परीक्षिती विचारतो आणि शुक सांगतो, तशी ही सोय आहे. पण प्रश्न मात्र खोटा नव्हता. तो कुठून आला हे समजून घ्यायचे, तर पुस्तक छापून झाले त्या १६१६ सालापासून अर्धे शतक मागे जावे लागते.

सासष्टी आणि बारदेश हे दोन महाल १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगिजांच्या हाती आले. धर्मप्रसारासाठी बारदेश फ्रान्सिस्कन पंथाकडे आणि सासष्टी येशू संघाकडे, म्हणजे जेझुइटांकडे, सोपवण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. १५६७ मध्ये राचोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने सासष्टीतली देवळे पाडायला घेतली. पडलेल्या देवळांचा आकडा अडीचशेच्या वर जातो. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा याच काळात नदीपलीकडे गेली, कारण तिकडे तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल नव्हता. आज प्रियोळ आणि कवळे येथे ज्या देवस्थानांत गर्दी होते, ती या पळापळीतून उभी राहिलेली आहेत. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या खर्चाकडे वळवले गेले. हिंदू रहिवाशांच्या याद्या कराव्यात आणि त्यांना पाळीपाळीने ख्रिस्ती प्रवचनाला बसवावे, असेही फर्मान निघाले.

देवळाबरोबर त्याच्या अंगणात चालणारे पुराणवाचनही गेले, आणि इतिहासाच्या पुस्तकांत हे क्वचितच नोंदवले जाते. गोव्यात ही परंपरा वरवरची नव्हती. केळशीच्याच कृष्णदास शामाने १५२६ मध्ये भागवताच्या दशम स्कंधावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला होता, म्हणजे एकनाथांच्या भागवताच्या आधी. घरात बोलायची कोंकणी आणि ऐकायची-वाचायची मराठी, ही तेव्हाच्या गोव्यातली रीत. चातुर्मासात पुराणिक बसायचा, पोथी उघडायची, आणि अक्षर न ओळखणारी माणसेही ओवीमागून ओवी कानात साठवून घरी जायची.

पोथ्याही सुटल्या नाहीत. १५५९ च्या सुमाराच्या जेझुइट पत्रव्यवहारात असा मजकूर आहे की एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या एका पंडिताच्या घरातून पोथ्या पळवून आणल्या आणि पाद्रींच्या हवाली केल्या. त्यांत महाभारताचे भाग होते. पाद्रींनी त्या नुसत्या जाळून टाकल्या नाहीत. खंडन करण्यासाठी त्यांतला मजकूर समजून घेणे त्यांना भाग होते, म्हणून त्यांनी अशा कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथांची अशी कोंकणी आणि मराठी हस्तलिखिते आजही आहेत. आपल्याकडे ज्यांच्यावर बंदी होती, त्या कथा तिकडे कपाटात सुखरूप राहिल्या.

बंदी घालणे सोपे होते, पण त्या जागी काय द्यायचे हा पेच कठीण निघाला. मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासनेचा मुख्य विधी, लॅटिनमध्ये चाले. बायबल लोकांच्या भाषेत सर्वांच्या हाती द्यावे ही कल्पना प्रॉटेस्टंटांची. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरच्या कॅथलिक जगात तिच्याकडे संशयानेच पाहिले जाई. राहिले प्रवचन. सुरुवातीच्या पाद्रींना इथली भाषा येत नसल्यामुळे ते पोर्तुगीजमध्ये बोलत आणि शेजारी उभा असलेला दुभाषा जमेल तसे सांगे. त्या दुभाष्याला ‘पवित्र त्रैक्य’ किती समजले असेल आणि समोरच्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचले असेल, याचा अंदाज न केलेला बरा. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला तेव्हा घंटा वाजवत रस्त्यातून फिरे आणि मुलांना, गुलामांना गोळा करून प्रार्थना घोकून घेई. पद्धत मुलांपुरती उत्तम होती. पण ज्याच्या कानाला ओवीची चटक लागली आहे, अशा मोठ्या माणसाचे या घोकंपट्टीने भागणार नव्हते.

अशा सासष्टीत ख्रिस्तपुराणाचा कवी थॉमस स्टीफन्स आला. जन्म १५४९, इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक असणे धोक्याचे झाले होते. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड तुरुंगात अडकला. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते. पोचला एकटा स्टीफन्स, आणि १५७५ मध्ये येशू संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी त्याने लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला गोवा गाठला. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. पोचल्यावर बापाला लिहिलेल्या पत्रात त्याने समुद्रप्रवासाचे वर्णन केले आहे. हॅक्लुटने इंग्रजी सफरींच्या संग्रहात ते छापले आणि ते तिकडे पुष्कळ वाचले गेले. इंग्रज व्यापारी न्यूबरी आणि फिच यांना हेरगिरीच्या संशयावरून होर्मुझहून पकडून १५८३ मध्ये गोव्याच्या तुरुंगात टाकले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवायला धावला तोही स्टीफन्सच. इंग्रज इतिहासकारांना या माणसाबद्दल एवढीच गोष्ट सांगण्यासारखी वाटत आली आहे, याची मला नेहमी गंमत वाटते.

१५८३ च्याच जुलैत कुंकळ्ळीला जे घडले, त्याने स्टीफन्सच्या सासष्टीतल्या वास्तव्यावर कायमची छाया टाकली. चर्चसाठी जागा पाहायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत रुडोल्फ अक्वाव्हिवा होता; अकबराच्या दरबारातून फत्तेपूर सिक्रीहून तो नुकताच परतला होता. गावातली देवळे दोनदा-तीनदा उद्ध्वस्त झालेली, शेतांची नासधूस झालेली. संताप साचला होता तो फुटला. विहिरीत टाकलेली प्रेते मिळवून त्यांचे दफन करण्याचे काम स्टीफन्सकडे आले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बोलणी करण्याच्या मिषाने कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि तिथे त्यांची कत्तल केली. एका बाजूचे पाच जण रोमने धन्य घोषित केले. दुसऱ्या बाजूच्या लोकांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला शतके जावी लागली.

ऑक्टोबर १५८३ मध्ये स्टीफन्सने पॅरिसमधल्या भावाला लिहिलेल्या पत्रात या हत्येची हकीकत आहे, आणि त्याच पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे निरीक्षणही आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात तोच विचार मांडला त्याच्या दोनशे वर्षे आधी. एकाच कागदावर रक्ताची बातमी आणि व्याकरणाची नोंद, असा हा माणूस. त्याला ‘मराठीचा परदेशी भक्त’ म्हणून एवढेच डोक्यावर घेणे मला पुरेसे वाटत नाही. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला भेटलेल्या, मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या खऱ्या आहेत, सुंदर आहेत. पण त्या ज्या ग्रंथाच्या सुरुवातीला येतात, तो ग्रंथ देवळे पाडणाऱ्या राज्याच्या छायेत आणि त्याच राज्याच्या परवानगीने लिहिला गेला. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. दोन्ही लक्षात ठेवल्या तरच ग्रंथ उमगतो.

स्टीफन्स सासष्टीत सुमारे चाळीस वर्षे राहिला. कधी मडगावच्या विद्यालयाचा रेक्टर, बराच काळ गावोगावच्या चर्चचा पाद्री. तो कोंकणी इतकी शिकला की तिचे व्याकरण लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राचोलला छापले गेले. कोंकणीतली त्याची दोत्रिनही त्याच्यामागे, १६२२ मध्ये निघाली. म्हणजे मुलांना शिकवायला आणि व्यासपीठावरून बोलायला कोंकणी. पण पुराण लिहायची वेळ आली तेव्हा त्याने मराठी घेतली, आणि लोकांना सोपे जावे म्हणून तिच्यात कोंकणी शब्द मिसळले. याचे कारण भाषाप्रेमापेक्षा व्यवहारात अधिक होते. गोव्याच्या श्रोत्याला पुराण मराठीतच ऐकायची सवय होती. रोजच्या बोलीतले पुराण त्याला पुराण वाटलेच नसते.

मग त्याने साचा जसाच्या तसा उचलला. आरंभी नमन आहे. गणेश-शारदेच्या जागी परमेश्वर, त्रैक्य आणि मारिया आली. मग ग्रंथाचे प्रयोजन, आपल्या अपुऱ्या वाणीबद्दल विनय, श्रोत्यांची विनवणी. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ही पायवाट त्याने नेमकी ओळखली होती. ग्रंथात दोन पुराणे आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर. अध्यायाला त्याने हाच शब्द वापरला आहे. त्यांत जगाची निर्मिती, बंडखोर देवदूतांचे पतन, आदम-एवा, नोहाचा जलप्रलय, अब्राहम, मोशे, दावीद आणि मसीहाची वाट पाहणारे संदेष्टे. दुसऱ्या पुराणाचे ५९ अवस्वर ख्रिस्ताचे: जन्म, चमत्कार, दृष्टांत, क्रुसावरचा मृत्यू, पुनरुत्थान. बायबलमध्ये दोन ओळींत उरकलेला प्रसंग इथे सावकाश उलगडतो. राजवाडे, बागा, मिरवणुका आणि आईचा आक्रोश या सगळ्यांना पुराणात लागते तेवढी जागा आहे. मध्येच कुणी श्रोता शंका काढतो, गुरू तिचे निरसन करतो, आणि कथा पुन्हा धारेला लागते. व्यासपीठावरचा पाद्री एकतर्फी बोले. पुराणात मात्र श्रोत्याला तोंड उघडता येत होते, कागदावर का होईना.

खरे पाहता सासष्टीतल्या सामान्य ख्रिस्ती माणसाचे बायबल हेच होते, कारण दुसरे कुठले त्याच्या हाती येणारच नव्हते. मराठीत संपूर्ण नवा करार छापून निघाला तो १८११ मध्ये, बंगालातल्या श्रीरामपूरला, विल्यम केरीच्या छापखान्यात आणि मोडी लिपीत. मधली जवळजवळ दोनशे वर्षे योसेफाची गोष्ट असो वा कालवारीची, जे काही मराठीत कानावर पडले ते ओवीतून.

छपाईची कथा वेगळीच. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण अक्षरे रोमन. १६०८ मध्ये स्टीफन्सने रोमला येशू संघाच्या प्रमुखाला पत्र लिहून या भूमीच्या लिपीत पुस्तके छापण्याची इच्छा कळवली. मलबारात तमिळ अक्षरे पाडून पुस्तके निघाली होती, मग इथे का नाही? अडचण त्यानेच सांगितली: युरोपात २४ अक्षरांत काम भागते; इथे जोडाक्षरे आणि बाराखडी धरून सुमारे ६०० साचे लागतील, आणि ते अशक्य मानले जाते. परवानगी आली की नाही ते असो, देवनागरी खिळे पडले नाहीत एवढे खरे. १६१६ मध्ये राचोलच्या विद्यालयात ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. पोथीसारखा ओवीबद्ध, पण अक्षरे पोर्तुगीज उच्चारांच्या वळणाने मांडलेली. नागरी वाचणाऱ्या जुन्या पुराणिकाला तो उघडून काही बोध झाला नसता. तो वाचू शकले चर्चच्या शाळांत रोमन अक्षरे शिकलेले नवे वाचक, आणि बाकी साऱ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकला. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. तुकोबांचे वय तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असेल.

पुराण चालले. रविवारी आणि सणांना, विशेषतः उपवासकाळात, चर्चमध्ये ते वाचले जाई. वाचणारा चालीवर म्हणे. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. एकट्या स्टीफन्सवर हा प्रकार थांबला नाही. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर तेवढेच मोठे पुराण रचले. त्याचे भाग १६२९ आणि १६३४ मध्ये छापले गेले. अंतोनियो द साल्दान्याची सांत आंतोनीची कथा १६५५ ची. क्रुआच्या ग्रंथात हिंदू देवदेवतांवर असा काही प्रहार आहे की वाचताना अंगावर येतो. स्टीफन्सही मूर्तिपूजा खोटीच मानतो, पण त्याचे लक्ष कथेवर आहे. भांडणात त्याला तितका रस नाही. लोकांच्या ओठी कुणाचे पुराण राहिले हे त्यामुळे आश्चर्याचे नाही.

मग राज्यकर्त्यांचे मत फिरले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक भाषा सोडावी. एका वर्षापूर्वी संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली होती आणि पोर्तुगीज सत्तेची पाचावर धारण बसली होती. फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्रींनी या हुकमामागे जोर लावला, असे इतिहास सांगतो. इथली भाषा शिकण्याचे कष्ट टाळण्याचाही हा मार्ग असावा, असे मला वाटते. छापखाना आधीच बंद पडला होता. १६७४ नंतर १८२१ पर्यंत गोव्यात पुस्तक म्हणून काही निघाले नाही. ख्रिस्तपुराणाची चौथी आवृत्ती निघण्याचा प्रश्नच उरला नाही.

पण ग्रंथ तोवर पोर्तुगीज हद्दीबाहेर गेला होता. करांचा बोजा, दुष्काळ, इन्क्विझिशनची भीती आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या यांना कंटाळून सासष्टी-बारदेशची अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा मुलखात उतरली. सोबत त्यांनी पुराणाच्या हाताने लिहिलेल्या नकला नेल्या. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत ते वाचले जाई. १७८४ मध्ये टिपूने या समाजाला पकडून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा पाद्री नसताना याच ओव्यांनी श्रद्धा तगवली, असे मंगळुरी ख्रिस्ती सांगतात. ज्या इन्क्विझिशनला टाळण्यासाठी माणसे पळाली, त्याच इन्क्विझिशनच्या मुलखातले पुराण त्यांनी उराशी धरले, यात त्यांना काही विसंगती दिसली नसावी.

१९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात अशा हस्तलिखितांवरून रोमन लिपीतच संपादित आवृत्ती काढली. छापील जुन्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत जगात कुठे सापडलेली नाही. तेव्हा आज आपण ख्रिस्तपुराण म्हणून जे वाचतो, ते सगळे कुणा लेखकूने हाताने उतरवलेले आहे.

शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्याहून साल्ढाणांच्या पाठाचे नागरी रूप छापले. मराठी वाचकाला हा ग्रंथ खऱ्या अर्थाने तेव्हा भेटला, पहिल्यांदा छापल्यावर ३४० वर्षांनी. मात्र त्याच्या आधीच, १९२० च्या दशकात, अमेरिकन मराठी मिशनमधून निवृत्त झालेले आणि संतचरित्रांचे भाषांतरकार म्हणून ओळखले जाणारे जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधल्या विल्यम मार्सडनच्या संग्रहातली एक प्रत उजेडात आणली होती. ती देवनागरीत आहे. तिच्यात पोर्तुगीज शब्द फारसे नाहीत, त्यांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अ‍ॅबट यांच्या मते हाच मूळ पाठ. राचोलला छापताना तो रोमन लिपीत गेला आणि पोर्तुगीज शब्द त्यात घुसले. दुसरा पक्ष म्हणतो की छापील ग्रंथावरूनच पुढे कुणी तरी संस्कृत जाणणाऱ्याने हा नागरी पाठ तयार केला.

मला दुसरा पक्ष जास्त संभवनीय वाटतो, आणि तो खरा असेल तर प्रकरण अधिक रंगतदार होते. कारण मग असा एक माणूस मानावा लागतो की ज्याने स्टीफन्सचे पुराण ओवी-ओवीने तपासले, चर्चचे परके शब्द वगळले आणि सगळे पुराण नागरीत लिहून काढले. ज्या ६०० साच्यांसाठी स्टीफन्सने रोमला पत्र घातले होते, ते काम याने बोरूने केले. पुढे फादर कॅरिडाड द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये मुंबईत निघाली. फादर नेल्सन फल्काव यांनी इंग्रजी अनुवाद केला. पाठभेदांचा वाद मात्र या दोन्ही कामांनंतरही मिटलेला नाही.